शोधगंगा: प्रबंध मागून उघडा

ग्रंथालयाच्या काउंटरवर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘मॅडम, हे फुकट आहे का?’ शोधगंगेच्या बाबतीत एका शब्दात उत्तर देता येतं: आहे. लॉगिन नाही, ओटीपी नाही, ‘सात दिवस मोफत, मग कार्डाचा नंबर द्या’ नाही. फोनवर साइट उघडा, विषय टाका, पीडीएफ उतरवून घ्या. देशभरातल्या विद्यापीठांत पीएचडीसाठी सादर झालेले पाच लाखांहून जास्त प्रबंध तिथे आहेत. मी लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात ग्रंथपाल आहे. आमच्या कपाटातले प्रबंध आमच्याच प्राध्यापकांनी भेट दिलेले, सोनेरी अक्षरांच्या मरून बाइंडिंगचे, आणि ते ज्यांनी लिहिले त्यांच्याशिवाय त्यांना कुणी हात लावत नाही. शोधगंगा मात्र रोज उघडते.

तरी हे सरसकट कौतुक नाही. पाच लाखांत माल किती आणि भरताड किती, हे ज्याने चार प्रबंध उघडलेत त्याला सांगायला नको. माझं म्हणणं एवढंच आहे की बहुतेक लोक प्रबंध पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेतात आणि तिथेच फसतात. ‘प्रस्तावना’, ‘संशोधनाची गरज’, ‘संशोधनाची उद्दिष्टे’, ‘गृहीतके’ हे सगळं साच्यातून काढल्यासारखं असतं, मग विषय निजाम असो की नायट्रोजन. प्रबंध मागून उघडायचा. आधी परिशिष्टं, मग संदर्भसूची, मग ऋणनिर्देश, आणि पटलं तरच मधली प्रकरणं. अशा पद्धतीने वाचलं तर जे कुठल्याही जर्नलात छापून येत नाही ते इथे हाती लागतं.

हे भांडार चालवतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं (यूजीसीचं) ग्रंथालयांना जोडणारं केंद्र. मराठी माणसाला सांगायला बरं वाटेल अशी गोष्ट म्हणजे इन्फ्लिबनेटचं पुण्याशी जुनं नातं आहे. यूजीसीने मार्च १९९१मध्ये हा प्रकल्प सुरू केला तो पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या छत्राखाली. १९९६मध्ये तो स्वतंत्र केंद्र झाला. २००९च्या नियमावलीने प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देणं विद्यापीठांवर बंधनकारक केलं आणि शोधगंगेत पाणी यायला लागलं. त्याआधीचे प्रबंध स्कॅन करून चढवले गेले. ते कसे चढवले हे त्या त्या विद्यापीठाच्या हातात होतं, आणि तिथेच दर्जाची सगळी भानगड आहे. एका विद्यापीठाचे जुने प्रबंध आरशासारखे स्वच्छ. दुसऱ्या एकाचे असे, की पान वाकडं, कडेची दोन अक्षरं कापलेली आणि मध्येच ऑपरेटरचा अंगठा. नाव घेत नाही. आमच्याकडच्या वाचकांना ते पाठ आहे.

एखादा प्रबंध उघडला की अख्खं पुस्तक एका फायलीत येत नाही. मुखपृष्ठ वेगळं, प्रतिज्ञापत्र वेगळं, प्रमाणपत्र वेगळं, प्रत्येक प्रकरण वेगळं. नवा माणूस यावर चिडतो. मला मात्र हीच सोय वाटते, कारण आमच्या पोरांचा दिवसाचा डेटा ठरलेला असतो, आणि त्यांना हवं असतं चौथं प्रकरण. तीनशे पानं कशाला उतरवायची? यादीच्या अगदी तळाशी ‘८०_रेकमेंडेशन’ अशा नावाची फाइल दिसते. नावावरून ती शिफारशींची वाटते, पण बहुधा तिच्यात मुखपृष्ठ आणि शेवटचं निष्कर्षाचं प्रकरण एकत्र असतं. प्रबंध आपल्या कामाचा आहे की नाही हे पाच मिनिटांत ठरवायचं असेल तर आधी ती उघडा.

आमचे राज्यशास्त्राचे सर सत्तांतराच्या काळावर काम करतात. सत्तांतर म्हणजे निवडणुकीतलं नव्हे. मराठवाड्यातल्या माणसाने घर न बदलता बारा वर्षांत किती राज्यं बदलली ते मोजून बघा. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली, ‘पोलीस ॲक्शन’ संपली. मग जनरल चौधरींचं लष्करी प्रशासन. १९५०पासून वेलोडींचं मुलकी सरकार. १९५२ला निवडून आलेलं हैदराबादचं सरकार. १ नोव्हेंबर १९५६ला द्विभाषिक मुंबई. आणि १ मे १९६०ला महाराष्ट्र. पुस्तकांत हे तारखांनिशी मिळतं. सरांना हवं होतं ते वेगळंच: या बदलांत तहसिलीत काय झालं? उर्दूतलं दफ्तर मराठीत कधी आणि कुणी आणलं, जुन्या कारकुनांचं काय झालं, सारा कोणत्या नाण्यात भरला जायचा?

हे त्यांना सापडलं एका प्रबंधाच्या परिशिष्टात. प्रबंध स्वतः बेतास बात. प्रकरणांत त्याच त्या तीन-चार पुस्तकांचे उतारे, आणि निष्कर्ष असे, की वाचायच्या आधीच ठाऊक असावेत. पण शेवटी संशोधकाने गावोगाव फिरून घेतलेल्या मुलाखती टाइप करून जोडल्या होत्या. त्यांत पोलीस ॲक्शननंतरच्या आठवडी बाजाराचं वर्णन होतं: निजामाचा हाली रुपया आणि भारत सरकारचा कलदार दोन्ही चालत, व्यापारी बैलजोडीचा भाव सांगताना आधी ‘हाली की कलदार?’ हे ठरवून घेत. दर ठरलेला होता, सात हालीला सहा कलदार, पण बाजारात तो पाळला जाई असं नाही. हाली चलन पूर्ण रद्द झालं ते १९५९मध्ये. म्हणजे निजामाचं राज्य गेल्यानंतर दहा-अकरा वर्षं त्याचा रुपया लोकांच्या कनवटीला होता! सरांनी ती दोन पानं प्रिंट काढून नेली आणि बाकीच्या प्रबंधाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. त्या मुलाखती देणारी माणसं आता हयात नसणार. संशोधकाने त्या ‘परिशिष्ट क’ म्हणून जोडल्या, कारण गाइडने जोडायला सांगितलं असणार. मार्क त्याचे नव्हतेच.

ऋणनिर्देशाचंही तसंच. आई-वडील, पत्नी, ‘वेळोवेळी चहा देणारे’ विभागातले शिपाईमामा हे सगळं ओलांडून पुढे गेलात की एखादी ओळ सापडते: अमुक गावच्या अमुक वाड्यातले कागद पाहू दिल्याबद्दल आभार, तमुक वाचनालयाने जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली उघडून दिल्याबद्दल आभार. इतिहास आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही ओळ निष्कर्षांपेक्षा मोलाची. कागद कुठे आहेत ते कळलं, बसचं तिकीट काढायला हरकत नाही.

गोव्यावरचे प्रबंध मात्र वेगळ्या घाटाचे आहेत. १९ डिसेंबर १९६१ला पोर्तुगीज गेले, १९६३ला बांदोडकरांचं सरकार आलं, आणि १६ जानेवारी १९६७ला लोकांना विचारलं गेलं की महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण हरलं. महाराष्ट्रात बसून वाचणाऱ्याला हा विषय एका बाजूनेच ठाऊक असतो. या काळावरचे प्रबंध उघडलेत तर मतदारसंघनिहाय तक्ते आणि तेव्हाच्या वर्तमानपत्रांचे दाखले शोधा. मजकुरात लेखकाचा कल कुठे झुकतो हे दोन पानांत कळतं, आकडे मात्र सगळ्यांना उपयोगी पडतात.

आता मराठी प्रबंधांची खरी अडचण. शोधगंगेत मराठीतून लिहिलेले प्रबंध भरपूर आहेत, पण ते सापडणं हे एक कसबच आहे. एक तर जुने प्रबंध स्कॅन केलेले, म्हणजे चित्रंच. आतला शब्द शोधता येत नाही. जे टाइप केलेले आहेत त्यांतले कितीतरी श्रीलिपीत किंवा तसल्याच जुन्या फॉन्टात. स्क्रीनवर सुंदर मराठी दिसतं. दोन ओळी कॉपी करून वर्डमध्ये पेस्ट केल्या की रोमन अक्षरं, कंस आणि टिंबांची खिचडी. गूगललाही ती खिचडीच दिसते. म्हणून शोध लागतो तो फक्त शीर्षकावरून, आणि शीर्षक बऱ्याचदा रोमन लिपीत टाकलेलं असतं, ज्याने टाकलं त्याच्या मर्जीने. मराठवाड्याच्या स्पेलिंगात ‘व्ही’ की ‘डब्ल्यू’, मुक्तिसंग्राम जोडून की तोडून, ‘चळवळी’तल्या ‘ळ’ला एक ‘एल’ की दोन. मी विद्यार्थ्यांना सांगते की शब्दाच्या मागे लागू नका, विद्यापीठ निवडा, त्यातला विभाग उघडा आणि यादी वरपासून खालपर्यंत चाळा. कंटाळवाणं आहे, पण वहीत नावं टिपत बसलेला पोरगा अर्ध्या तासात जे काढतो ते सर्च बॉक्समध्ये डोकं आपटणाऱ्याला दिवसभरात मिळत नाही.

औषध-रसायनशास्त्राच्या वाचकाला या भाषेच्या भानगडीशी काही देणंघेणं नाही, सगळं इंग्रजीतच असतं. आमच्या गावाजवळच्या फार्मसी कॉलेजची एम.फार्म.ची एक मुलगी शनिवारी माझ्याकडे येते, कारण आमच्या वाय-फायला त्यांच्यापेक्षा रेंज बरी आहे. तिचा विषय चाल्कोन नावाची सेंद्रिय संयुगं. महाराष्ट्रात रसायनशास्त्राच्या प्रबंधांत चाल्कोन हा इतका लाडका विषय आहे की काय सांगावं! त्याला कारणही आहे. असिटोफिनोन आणि बेन्झाल्डिहाइड अल्कोहोलात घ्यायचे, कॉस्टिकचं द्रावण थेंबथेंब सोडायचं, ढवळत ठेवायचं, पिवळा साका पडतो. महागडं उत्प्रेरक नको, बंदिस्त नायट्रोजन नको, तालुक्याच्या प्रयोगशाळेतही जमतं. आणि त्या पिवळ्या पदार्थापासून पुढे पायराझोलिन करा, पिरिमिडिन करा, वाटेल ते. ज्येष्ठमधातसुद्धा या कुळातली संयुगं निसर्गतःच असतात, त्यामुळे प्रस्तावनेत आयुर्वेदाचा परिच्छेदही बसतो.

तिची अडचण अशी की छापील पेपरमध्ये कृती दोन ओळींत उरकलेली असते. प्रबंधात तीच कृती दीड पान. किती मिलिलिटर, बर्फात किती वेळ, विक्रिया पुरी झाली का ते बघायच्या टीएलसी चाचणीला कोणते दोन द्रावक कोणत्या प्रमाणात, कशातून स्फटिक काढले, आणि उत्पन्न किती टक्के. एका प्रबंधात बदललेल्या बारा बेन्झाल्डिहाइडांचा तक्ता होता आणि त्यातल्या दोघांपुढे स्पष्ट लिहिलं होतं की विक्रिया झाली नाही, मिश्रण तसंच राहिलं. असं वाक्य जर्नल छापत नाही. आमच्या मुलीचे दोन महिने त्या एका वाक्याने वाचले, कारण त्यातलं एक ती करायलाच निघाली होती.

प्रकरणांच्या शेवटी एनएमआरचे, म्हणजे रेणूची रचना दाखवणारे, आलेख असतात, तेही बघायला शिका. ती मला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवत होती: ७.२६ला जो बारीक काटा आहे तो संयुगाचा नाही, द्रावकातल्या क्लोरोफॉर्मचा. त्याच्या डाव्या अंगाला दोन जोडकाटे, आणि प्रत्येक जोडीतल्या दोन काट्यांमधलं अंतर १५-१६ हर्ट्झ. तेवढं अंतर म्हणजे दुहेरी बंधाच्या दोन बाजूंना हायड्रोजन समोरासमोर, ट्रान्स रचना, चाल्कोन झालंय. आता हा आकडा लेखकाने तक्त्यात लिहिलेला असतोच, पण आलेखाची स्कॅन असल्यामुळे तुम्ही तो स्वतः पडताळू शकता. एका प्रबंधात तक्त्यात एक आकडा आणि आलेखावर भलताच. तो आम्ही बाजूला ठेवला.

जीवाणूविरोधी चाचण्यांच्या प्रकरणावर मात्र माझा भरवसा नाही, आणि तिचाही. आगारच्या प्लेटमध्ये भोक पाडून संयुग ओतायचं, दुसऱ्या दिवशी भोवतीचं स्वच्छ वर्तुळ मिलिमीटरमध्ये मोजायचं, शेजारी तुलनेला सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे औषध. वर्तुळ लहान आलं तर औषध दुबळं, की ते आगारमध्ये पसरतच नाही? हे त्या तक्त्यावरून कळत नाही, तरी निष्कर्ष ‘उत्तम ते मध्यम क्रियाशील’. आणि अलीकडच्या प्रबंधांत डॉकिंगची, म्हणजे संयुग प्रथिनात कसं बसेल याच्या संगणकी अंदाजाची, रंगीत चित्रं. चित्र देखणं, आकडा उणे आठ-नऊ, प्रत्यक्षात पेशीवर तपासलंय का विचारलं तर शांतता. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) काम करून पुणे विद्यापीठाकडे नोंदलेले जुने प्रबंध हातात आले तर ते आधी वाचा. मुखपृष्ठावर विद्यापीठाचं नाव दिसतं, पण काम कुठे झालं ते प्रमाणपत्राच्या पानावर असतं. ते पान कुणी उघडत नाही.

सैद्धांतिक भौतिकीचं काय? तिथे शोधगंगेची पहिली गंमत अशी की हा विषय भौतिकशास्त्र विभागात शोधून हाती थोडाच लागतो. विदर्भात, अमरावती-नागपूरकडे, सापेक्षतावाद आणि विश्वरचनाशास्त्राची मोठी परंपरा आहे ती गणिताच्या विभागांत. ‘बियांकी टाइप’ असं टाकून बघा, यादी संपत नाही. बियांकी हा इटालियन गणिती, १८९८चा. त्याच्या वर्गीकरणातल्या नऊ प्रकारांवरून ही विश्वाची प्रारूपं तयार होतात. पहिल्या प्रकारात विश्व तीन दिशांना तीन वेगवेगळ्या वेगांनी प्रसरण पावतं. तिन्ही वेग सारखे केले की नेहमीचं सपाट विश्व मिळतं.

आमच्याकडे बीएस्सीला शिकवणारी एक नवी प्राध्यापिका आहे. पेपर वाचताना ती एका ठिकाणी अडकली होती, जिथे लेखक समीकरणावरून थेट उत्तरावर उडी मारतो आणि वर म्हणतो ‘हे सहज दिसते’. प्रबंधात तीच जागा चार पायऱ्यांत सोडवलेली मिळाली. दोन दिशांची क्षेत्रसमीकरणं एकमेकांतून वजा करायची, तिन्ही प्रसरण-घटकांचा गुणाकार म्हणजे घनफळ असं घ्यायचं, एकदा संकलन करायचं, की दोन घटकांचं गुणोत्तर घनफळाच्या व्यस्ताच्या संकलनात येतं. तिच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो मी पाहिला. मला स्वतःला काही कळलं नाही, मी वाणिज्य शाखेची.

पण तिनेच नंतर तक्रारही केली, आणि ती रास्त आहे. यातले पुष्कळ प्रबंध एकाच पाककृतीचे. एक मेट्रिक (विश्वाच्या भूमितीचं सूत्र) निवडा, त्यात कुठलंतरी द्रव्य भरा, प्रसरणाचा वेग सांगणाऱ्या हबल प्राचलासाठी १९८३चा बर्मनचा नियम गृहीत धरा म्हणजे गणित सुटतं, आलेख काढा, ‘निरीक्षणांशी सुसंगत’ म्हणा. २०११नंतर त्यात एका नव्या सुधारित गुरुत्वसिद्धान्ताची भर पडली आणि जुनी मेट्रिक्स पुन्हा एकदा वरपासून सुरू झाली. नवं काय चाललंय हे जाणायला आर्काइव्ह (arXiv) हे पेपरांचं खुलं संकेतस्थळ बघावं, जे इन्फ्लिबनेटच्याच वर्षी, ऑगस्ट १९९१मध्ये, लॉस अलामॉसला सुरू झालं. तिथे पेपर छापून येण्याआधीच वाचायला मिळतो. शोधगंगा इथे शिकवणीसारखी वापरायची: पायऱ्या बघायला.

अभियांत्रिकीबद्दल थोडक्यात. शेजारच्या पॉलिटेक्निकचे एक सर येतात, त्यांना दगडी बांधकामाचं वेड आहे. आमच्या भागात ते समजण्यासारखं आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत जे झालं त्यात माणसं मेली ती भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त: हातभर नव्हे, काही ठिकाणी मीटरभर जाड दगड-मातीच्या भिंती आणि वर मातीचं माळवद. भिंतीचे दोन पदर, मध्ये भर, आणि दोन्ही पदरांना सांधणारा लांब आडवा दगड बहुतेक घरांत नाहीच. पदर सुटले, माळवद खाली आलं. तेव्हाच्या भूकंपनकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता; २००२च्या सुधारणेत पहिला विभागच काढून टाकला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. या भिंतींवर, त्यांच्या मजबुतीकरणावर, कंपमंचावरच्या चाचण्यांवर काम झालेले प्रबंध शोधगंगेत सापडतात, आणि त्यांत भिंतीचे फोटो व भेगांच्या आकृत्या असतात. सरांना तेवढंच हवं असतं. भेग कोपऱ्यातून निघाली की खिडकीच्या वरून, हे वाक्यात वाचून कळत नाही.

बाकी अलीकडचे अभियांत्रिकीचे प्रबंध चाळले तर मशीन लर्निंगचाच सुकाळ. अचूकता ९७ टक्के, ९८ टक्के. कोणत्या आकडेवारीवर? ती आकडेवारी कुठे आहे? ‘सोबतच्या सीडीत’. सीडी विद्यापीठाच्या कपाटात. पुढे काही बोलायची सोय नाही. आणि सगळ्या संस्था इथेच असतील असंही समजू नका. बंगळुरूच्या आयआयएस्सीचं प्रबंधांचं स्वतःचं वेगळं भांडार आहे, तिथेही फुकटच वाचता येतं.

‘मॅडम, यातलं उचललं तर चालेल का?’ हा दुसरा आवडता प्रश्न. लायसन्स क्रिएटिव्ह कॉमन्सचं आहे: श्रेय द्या, धंदा करू नका, तुम्ही जे कराल तेही याच अटींवर द्या. त्याचा अर्थ परिच्छेद उचलून आपल्या नावावर टाका असा होत नाही. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही, त्यापुढे प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. आणि ज्या प्रबंधातून तुम्ही उचलता तो ज्या यंत्रणेत आहे तीच यंत्रणा विद्यापीठांना साम्य तपासायचं सॉफ्टवेअर पुरवते, हे पोरांच्या लक्षात आणून दिलं की कॉपी-पेस्टचा उत्साह जरा उतरतो. मराठी प्रबंध जुन्या फॉन्टात असल्यामुळे अजून सुटतात ही गोष्ट वेगळी.

शोधगंगा जर्नलची जागा घेऊ शकत नाही, तशी अपेक्षाही ठेवू नये. केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये ‘वन नेशन वन सब्स्क्रिप्शन’ मंजूर केलं, तीन वर्षांसाठी ६,००० कोटी, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स, पण ती योजना मुख्यतः सरकारी संस्थांसाठी. अनुदानित कॉलेजांना जर्नल्स आणि ई-पुस्तकं वाचायला इन्फ्लिबनेटचंच एन-लिस्ट आहे. तुमच्या कॉलेजने ते घेतलंय का हे तुमच्या ग्रंथपालाला विचारा. विचारायला कुणी येत नाही म्हणून पासवर्ड पडून राहतात, हे मी या खुर्चीवरून सांगू शकते.

पाचपैकी गुण द्यायचे तर मी चार देईन, आणि राज्यशास्त्र-इतिहासवाल्यांना विचारलं तर ते साडेचार म्हणतील. अर्धा-एक गुण कापला तो मराठी मजकूर शोधता येत नाही म्हणून. त्यावर उपाय विद्यापीठांच्या हातात आहे: प्रबंध स्वीकारतानाच युनिकोडमधली, म्हणजे शब्द शोधता येईल अशी, प्रत मागा आणि शीर्षक देवनागरीत टाका. पैसे लागत नाहीत.

ज्यांनी पीएचडीला नुकताच प्रवेश घेतलाय त्यांनी शोधगंगोत्रीही बघावी, तिथे चालू संशोधनाचे आराखडे असतात. तुमचाच विषय दुसऱ्या विद्यापीठात कुणी आधीच घेतलाय का, हे नोंदणीच्या आधी कळलेलं बरं. आणि आमच्या कॉलेजात यायचं असेल तर शनिवारी या, दुपारी दोनच्या आत. नंतर वाय-फाय होस्टेलची मुलं खातात.